सोबत काय आणावे

आमच्या मंडळाच्या तलवारबाजी निवासी शिबिराचं सूचनापत्रक सुरुवातीला अर्ध्या पानात मावायचं. तारीख, शाळेचा पत्ता, शुल्क आणि खाली सरांची सही. आता ते पाठपोट भरतं आणि नवे पालक ते वाचून हसतात. हसू देत. त्यातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागं कुणीतरी पाहुणा आहे, आणि पत्रक छापायला देताना मला ते सगळे आठवतात.

तारखेचंच घ्या. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते. तेव्हा सोलापुरात खोली मिळत नाही आणि नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळं अर्धे रस्ते बंद. म्हणून शिबिर यात्रेनंतरच्या शनिवार-रविवारी. हे झालं कागदावरचं कारण. खरं कारण असं की तेव्हा ज्वारी हुरड्याला आलेली असते, आणि रविवारी सकाळी होटगीच्या बाजूला एका सभासदाच्या शेतात हुरडा खाल्ल्याशिवाय आमचे सर शिबिर झालं असं मानतच नाहीत.

पुण्याकडची मुलं शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेस धरतात, मुंबईची रात्रभर सिद्धेश्वरनं येतात. 'मंडळाचे पत्र जवळ ठेवावे' ही ओळ त्यांच्यासाठी. एकदा स्टेशनच्या दारात पोलिसांनी एका पोराची लांबलचक बॅग पाहून विचारलं, "काय आहे रे यात?" पोरगं सरळमार्गी. म्हणालं, "तलवारी." पुढचा अर्धा तास मी आणि सर तिथंच. शेवटी साहेबांनी फॉइल, म्हणजे फक्त टोकानं खेळायची हलकी तलवार, हातात घेतली, टोकाचं बटण दाबून पाहिलं, पातं वाकवलं आणि म्हणाले, "हिनं वांगंसुद्धा चिरणार नाही." वजनाचंही त्यांना नवल वाटलं, अख्खी फॉइल अर्ध्या किलोच्या आतच असते.

राहायची सोय शाळेच्या वर्गांत. बाकं भिंतीला रचून गाद्या, मुली वरच्या मजल्यावर ताईंसोबत. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा एका बादलीत अंघोळ उरकावी लागते. यावर कुणाची तक्रार ऐकून घेतली जात नाही.

खरा मजकूर आहे तो 'साहित्य' या मथळ्याखाली. मास्क, जॅकेट, हत्यार ज्याच्याकडं नसेल त्याला मंडळ देतं; मोजे, बूट, ग्लोव्ह ज्याचा त्यानं आणायचा. मोजे गुडघ्यापर्यंतचे हवेत, कारण तलवारबाजीची विजार गुडघ्याखालीच संपते आणि मधली नडगी उघडी राहून चालत नाही. ग्लोव्ह एकाच हाताचा, पण कोपरापर्यंतचा अर्धा हात झाकणारा. नाहीतर समोरच्याचं टोक बाहीत शिरतं. हे न कळवल्यामुळं एका वर्षी एक वडील मुलासाठी क्रिकेटचे ग्लोव्हज घेऊन आले होते, तेही जोडीनं.

'डावखुऱ्यांनी आधी कळवावे' ही ओळ लातूरच्या एका मुलीमुळं आली. जॅकेटची चेन हत्याराच्या हाताच्या उलट बाजूला असते, मुठीसुद्धा डाव्या-उजव्या वेगळ्या. आमच्याकडं सगळं उजव्यांचं. ती दोन दिवस पाठीमागं चेन असलेलं कुणाचं तरी ढगळ जॅकेट घालून खेळली आणि तरी तिनं निम्म्या मुलांना हरवलं, कारण डाव्या हाताची सवय कुणालाच नव्हती. पुढच्या वर्षी मंडळानं डावं जॅकेट घेतलं.

लामेबद्दल मात्र मी पत्रकात ठळक अक्षरांत लिहिते. लामे म्हणजे धातूच्या तारा विणलेलं वरचं जॅकेट. फॉइलमध्ये त्यावर टोक टेकलं की रंगीत दिवा लागतो. घामातल्या मिठानं त्या तारा गंजतात, घडी घातली की तुटतात. कोमट पाण्यात सौम्य साबणानं बुडवून काढायचं, पिळायचं नाही, सावलीत हँगरला. एका मावशींनी मायेपोटी पोराचं लामे रात्री दगडावर आपटून लख्ख धुऊन दिलं. सकाळी टोक थेट छातीवर बसत होतं आणि मशीन पांढरा दिवा दाखवत होतं, म्हणजे लक्ष्याबाहेर. मावशी पंचांवर भडकल्या. पंचांनी बिचाऱ्यांनी काय करावं!

शनिवारी सकाळी सराव सुरू व्हायच्या आधी सर सगळ्यांना बसवून १९८२ची गोष्ट सांगतात. रोममधल्या जागतिक स्पर्धेत समोरच्याचं पातं तुटलं, तुटकं टोक मास्कमधून आत गेलं आणि ऑलिम्पिक विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह काही दिवसांनी वारला. आजचे मजबूत मास्क आणि कपडे त्यानंतरचे. पोरं चिडीचूप होतात. मग सर नियम सांगतात: पातं तुटलं तर जागेवर थांबायचं आणि ते माझ्या हातात द्यायचं. मास्क नसताना समोरच्यावर हत्यार रोखायचं नाही, गंमतीतसुद्धा नाही. पत्रकात या दोन ओळी आहेतच, पण सरांच्या तोंडून ऐकल्यावरच त्या डोक्यात राहतात.

शनिवारी दिवसभर फूटवर्क, संध्याकाळी पाच गुणांचे, तीन मिनिटांचे सामने. पिस्त, म्हणजे सामना खेळायची पट्टी, १४ मीटरची. ती शाळेच्या सभागृहात तिरपी आखली तरच बसते, म्हणून पंच रंगमंचाच्या पायरीवर उभे राहतात. पूर्वी सगळे फॉइलवर खूश असायचे. २०२१ मध्ये भवानी देवी टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळली, ऑलिम्पिकला गेलेली पहिली भारतीय तलवारबाज. पहिला सामना १५-३ असा जिंकला. दुसरा ७-१५ असा गेला, पण आमच्याकडं तेव्हापासून येणारी प्रत्येक मुलगी आधी सेबर मागते, भवानीची तलवार तीच ना. वरच्या मजल्यावर आणखी एक वर्ग उघडावा लागला.

जेवण अक्कांच्या हातचं. शेंगाचटणी लागेल तितकी मिळते. पण सामन्याआधी ती जपून खावी, असं मी तोंडी सांगते आणि कुणी ऐकत नाही. "खा की बे, उद्या घरी मिळणार हाय का?" असं अक्काच म्हणतात, मग माझं कोण ऐकणार.

परतीची हुतात्मा सकाळी लवकर सुटते. त्यामुळं पुण्याच्या मुलांना रविवारची रात्रही राहायचं निमित्त मिळतं आणि ती संध्याकाळी चाटी गल्लीत खरेदीला पळतात. यंदा त्यांच्यासाठी नवी ओळ घातली आहे: 'चादरी, टॉवेल घ्यायचे असल्यास वेगळी पिशवी आणावी. हत्यारांच्या बॅगेत कोंबू नयेत, बॉडी कॉर्डचे (हत्यार मशीनला जोडणाऱ्या वायरचे) पिन वाकतात.'