बेवड कशाचा आहे?

आमच्या जुन्नर तालुक्यात एखादे रान पाहायला गेलेला शेतकरी हमखास विचारतो, "बेवड कशाचा आहे?" या जमिनीत आधी कोणते पीक होते, एवढाच त्या प्रश्नाचा अर्थ. हरभऱ्याचा किंवा तागाचा बेवड म्हटले की विचारणारा समाधानाने मान हलवतो. टोमॅटोवर पुन्हा टोमॅटो म्हटले की काही बोलत नाही. मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते आणि महिन्यातून एकदा वाकडेवाडीहून नारायणगावची एसटी पकडून माहेरी जाते. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तरी त्याचा खरा अर्थ मला कळला तो आमच्या अर्ध्या एकरातले टोमॅटो डोळ्यांदेखत माना टाकू लागले तेव्हा.

दादाने त्याच रानात सलग तिसऱ्यांदा टोमॅटो लावले होते. फळे लिंबाएवढी झाली आणि भर दुपारी काही झाडे मलूल दिसू लागली. संध्याकाळी ती पुन्हा ताठ होत, म्हणून पहिले दोन दिवस उन्हाचा ताण असेल असे सगळ्यांनाच वाटले. तिसऱ्या दिवशी ती उठली नाहीत. पाने पिवळी पडली नव्हती, हिरवीच्या हिरवी लोंबत होती. जवळच्या एका दुकानदाराने बुरशीनाशकाची आळवणी करायला, म्हणजे त्याचे द्रावण झाडांच्या मुळाशी ओतायला सांगितले. दादाने ती दोनदा केली, हजारो रुपये मातीत गेले आणि मर, म्हणजे झाड असे सुकून मरण्याचा रोग, ओळीओळीने पुढे सरकत राहिली. रोग न ओळखता औषध विकले जाते, याचा मला आजही मनापासून संताप येतो.

मी गेले त्या रविवारी वहिनीने स्वयंपाकघरातून काचेचा ग्लास आणून दिला. सुकलेल्या झाडाचे खोड जमिनीलगत कापले, बोटभर लांबीचा तुकडा घेतला आणि त्याचे एक टोक स्वच्छ पाण्यात बुडेल असा हाताने धरला. मिनिटभरात कापलेल्या टोकातून दुधी रंगाचा, धाग्यासारखा बारीक प्रवाह पाण्यात खाली उतरू लागला. दुधासारखे दिसणारे ते सारे जिवाणू होते. राल्स्टोनिया सोलॅनसिएरम नावाचा हा जिवाणू मुळांवरच्या जखमांतून आत शिरतो, जलवाहिन्यांमध्ये चिकट द्रव्य तयार करून त्या तुंबवतो, आणि मुळाशी ओल असूनही झाड तहानेने मरते. बुरशीमुळे येणाऱ्या मर रोगात बहुधा खालची पाने आधी पिवळी पडतात आणि ग्लासात असा धागा दिसत नाही. बुरशीनाशकाचा या जिवाणूवर काही परिणाम होणार नव्हताच.

टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा ही चारही पिके एकाच कुळातली, त्यामुळे टोमॅटोनंतर मिरची लावणे ही या जिवाणूच्या दृष्टीने फेरपालट नव्हेच. बांधावरचा धोतराही त्याच कुळातला. फेरपालटीचा नेहमी सांगितला जाणारा फायदा असा की आवडते पीक मिळाले नाही म्हणजे रोगजंतूची उपासमार होते. हे खरे आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण पीक बदलले की मुळांभोवती कोणाला खायला मिळते हेही बदलते.

मुळांना लगटून असलेल्या मातीच्या पातळ थराला १९०४ मध्ये लॉरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने रायझोस्फिअर हे नाव दिले. पानांनी तयार केलेल्या अन्नाचा काही भाग मुळे शर्करा, अमिनो आम्ले आणि सेंद्रिय आम्ले यांच्या रूपाने या थरात सोडतात, आणि तेथे रोज जिवाणूंची पंगत बसते. ज्वारीचे वाढप वेगळे, हरभऱ्याचे वेगळे, टोमॅटोचे वेगळे. एकाच रानात वर्षानुवर्षे एकच वाढप होत राहिले तर त्यावर पोसणारेच माजतात, आणि त्यांत रोगजंतूही असतात. वाढप बदलत राहिले तर रोगजंतूंशी झुंजणाऱ्यांनाही पाय रोवता येतात.

ही झुंज अनेक तऱ्हांनी होते. स्यूडोमोनास गटातले काही जिवाणू बुरशीला घातक ठरणारी प्रतिजैविके तयार करतात. काही जिवाणू मुळाची जागा आणि अन्न आधीच व्यापून टाकतात. काहींची मुळाशी नुसती उपस्थिती झाडाची स्वतःची प्रतिकारयंत्रणा जागी करते, आणि मग पानावरच्या रोगालाही झाड अधिक नेटाने तोंड देते. माझ्या विशेष जिव्हाळ्याची तऱ्हा मात्र लोहाची आहे. मातीत लोह भरपूर असले तरी ते सहज विरघळत नाही. स्यूडोमोनास लोहाला घट्ट पकडणारे एक पिवळे-हिरवे रंगद्रव्य बाहेर सोडतो आणि ते लोह स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे शेजारच्या रोगकारक बुरशीला लोहाची टंचाई भासते. हे रंगद्रव्य अतिनील प्रकाशात चमकते. मी एकदा आमच्या टोमॅटोच्या मुळांची माती आणि शेजारच्या रानातल्या ज्वारीच्या मुळांची माती पिशव्यांत भरून पुण्यात आणली, पाण्यात विरळ करून किंग्ज बी या जिवाणू वाढवण्याच्या, कमी लोहाच्या माध्यमावर काचेच्या बशांत पसरली आणि दोन दिवसांनी प्रयोगशाळेतला दिवा मालवून अतिनील दिव्याखाली धरली. ज्वारीच्या बशीत ठिकठिकाणी हिरवट ठिपके उजळले. टोमॅटोच्या बशीत ते शोधावे लागत होते. दोन बशांवरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे मी विद्यार्थ्यांना रोज सांगते. पण दादाला तो फोटो दाखवला तेव्हा तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे आपण यांना उपाशी ठेवलं."

त्याच सुमारास आमची आणखी एक चूक ध्यानात आली. टोमॅटो संपले की बांबू, तार आणि वाफ्यावर अंथरलेला मल्चिंग पेपर तसाच असतो, म्हणून त्यावरच काकडी किंवा दोडका घेण्याची पद्धत आमच्याकडे आहे, आणि खर्चाचा विचार केला तर ती समजण्यासारखी आहे. कूळ बदलते, त्यामुळे फेरपालट झाली असे वाटते. परंतु मुळांवर गाठी करणारी सूत्रकृमी, म्हणजे मातीतली डोळ्यांना न दिसणारी बारीक अळीसारखी कृमी, टोमॅटोवर जशी वाढते तशीच काकडीवरही वाढते, आणि तिने मुळांना केलेल्या जखमा मर रोगाच्या जंतूंना आत येण्याचे दार ठरतात. म्हणून दोन पिकांचे कूळ वेगळे आहे का एवढे पाहून भागत नाही, त्यांचे शत्रूही वेगळे हवेत. झेंडू येथे उपयोगी पडतो. त्याच्या मुळांतील अल्फा-टर्थायनिल हे द्रव्य सूत्रकृमींना मारक असते, मात्र झेंडू त्या रानात दोन-तीन महिने मुख्य पीक म्हणून दाट उभा राहायला हवा. बांधाच्या कडेला चार रोपे लावून रानभर परिणाम होत नाही. आमचा झेंडू दसऱ्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, त्यामुळे जमिनीची विश्रांती घरखर्चाला फार जड गेली नाही.

झेंडूनंतर रब्बीत ज्वारी झाली, पुढच्या खरिपात सोयाबीन आणि त्यानंतर हरभरा. रायझोबियम म्हणजे कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींत राहून हवेतला नत्र पिकाला मिळवून देणारे जिवाणू. सोयाबीनचे आणि हरभऱ्याचे रायझोबियम वेगवेगळे असते, त्यामुळे एकाच्या जिवाणूखताचे पाकीट दुसऱ्याला चालत नाही. दुकानात ते विचारून घ्यावे लागते. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे पाकीट गुळाच्या थंड पाण्यात कालवून वहिनीने हाताने चोळले आणि बियाणे सावलीत सुकवले. बियाण्याला बुरशीनाशक लावायचेच असेल तर ते आधी आणि जिवाणूखत शेवटी, हा क्रम तिने एकदाही चुकवला नाही. फुले येण्याच्या सुमारास मी हरभऱ्याचे एक झाड मातीसकट अलगद उपटून बादलीत खळबळले. मुळांवर गाठी होत्या. सूत्रकृमीच्या गाठीत मूळच सुजते, या मात्र मुळाला बाहेरून चिकटलेल्या होत्या. एक गाठ नखाने फोडली तर आत फिकट मांसासारखा गुलाबी रंग निघाला. हा रंग लेगहिमोग्लोबिन या गाठीतल्या प्रथिनाचा, आणि तो दिसला की नत्र स्थिरीकरण चालू आहे असे समजावे. गाठ आतून हिरवट किंवा करडी असेल तर ती निकामी झालेली असते.

हरभरा म्हणजे सर्वांत चांगला बेवड, असे मानण्याकडे आमच्या भागाचा कल आहे. नत्राच्या बाबतीत ते योग्यच आहे. पण हरभऱ्यावर हरभरा घेत राहिले तर त्याचीही मर येते, आणि तिला कारण असलेली फ्युजॅरियम बुरशी हरभरा नसतानाही मातीत सहा वर्षे तग धरू शकते. एका वर्षाच्या खंडाने ती जात नाही. तेथे फेरपालटीला विजय किंवा दिग्विजय यांसारख्या मर रोगाला दाद न देणाऱ्या, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेल्या वाणांची जोड द्यावी लागते. याउलट तुरीची मर ज्वारीच्या सोबतीत कमी होते, हे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेच्या प्रयोगांतून दिसले आहे. आपल्या आजोबांच्या पिढीने ज्वारीत तुरीची ओळ टाकण्याची रीत पाळली, तिला हाही एक आधार होता.

मी शिकवते त्या विषयात फेरपालटीच्या विरुद्ध जाणारे एक प्रसिद्ध उदाहरण आहे आणि ते लपवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. गव्हाला टेक-ऑल नावाचा मुळांचा रोग होतो. गव्हावर गहू घेत गेले की पहिली काही वर्षे तो वाढतो, आणि मग पीक न बदलताच आपोआप ओसरतो, कारण तोवर गव्हाच्या मुळांवर त्या बुरशीला मारणारे प्रतिजैविक तयार करणारे स्यूडोमोनास मोठ्या संख्येने जमलेले असतात. मध्ये दुसरे पीक घेतले तर हे संरक्षण ओसरू शकते. म्हणजे एकाच पिकाच्या मुळांवरही मित्र जमतात. पण तोवरची नुकसानीची वर्षे सोसण्याची ताकद अर्ध्या एकराच्या शेतकऱ्यात नसते, आणि राल्स्टोनियाच्या बाबतीत टोमॅटो लावत राहून वाट पाहा, असा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

दोन वर्षांनी दादाने त्या रानात पुन्हा टोमॅटो लावले. बहुतेक ओळी शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. ओढ्याकडच्या कोपऱ्यात, जेथे वरच्या रानातले पाणी वाहून येते आणि साचते, तेथे मात्र दुपारी पुन्हा काही झाडे मलूल झाली. त्या वरच्या रानात अजून टोमॅटोवर टोमॅटो चालू आहे. पाण्याबरोबर जिवाणूही आमच्याकडे उतरतो आणि आमची फेरपालट बांधापाशी थांबते. वरच्या रानाचे मालक तात्या आमच्या भावकीतले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण टोमॅटोला भाव लागला की एका हंगामात कर्ज फिटते आणि ज्वारीने ते फिटत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे.

गेल्या रविवारी दादा आणि मी त्या कोपऱ्यातली आजारी झाडे मुळासकट उपटून पिशवीत भरली आणि बांधालगत चर खणायला सुरुवात केली. चर अर्धा झाला तेव्हा तात्या येऊन उभे राहिले. दादाने काही न बोलता एक खोड कापून ग्लासात धरले. धागा उतरू लागला तसे तात्या वाकून पाहू लागले, आणि थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "झेंडूची रोपं कुठून आणली होतीस रे?"