विश्वाची उत्पत्ती आणि वेकोमधले एक घर

दिग्दर्शक टेरेन्स मॅलिक यांचा ‘द ट्री ऑफ लाइफ’ हा चित्रपट मे २०११ मध्ये कान महोत्सवात पत्रकारांना दाखवला गेला, तेव्हा टाळ्यांबरोबर हुर्योही उडवली गेली. पुढे रॉबर्ट डी नीरो यांच्या अध्यक्षतेखालील परीक्षक मंडळाने त्यालाच सर्वोच्च पुरस्कार, ‘पाम दोर’, दिला. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका चित्रपटगृहाने तर ‘हा तत्त्वचिंतनपर चित्रपट आहे, तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत’ अशा आशयाची सूचनाच लावली होती.

सर्वांत जास्त टीका झाली ती विश्वोत्पत्तीच्या दीर्घ भागावर. टेक्सासमधल्या वेको गावच्या, १९५०च्या दशकातल्या एका कुटुंबाच्या गोष्टीत तारकामेघ, ज्वालामुखी आणि डायनोसॉर कशाला, असा आक्षेप अनेकांनी घेतला, आणि तो मला मुळातच चुकीचा वाटतो. चित्रपट सुरू होतो तो बायबलमधल्या ईयोबाच्या ग्रंथातील ईश्वराच्या प्रश्नाने: मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास? एकोणीस वर्षांचा मुलगा गेल्याची तार हाती पडल्यावर आई तोच प्रश्न ईश्वराला उलट विचारते, की तू कोठे होतास; आणि त्यानंतर संगीतकार प्राइसनर यांच्या ‘लाक्रिमोसा’ या शोकगीताच्या सुरांवर विश्वोत्पत्तीचे जे दृश्य दिसते ते त्या आईला मिळालेले उत्तर आहे. ते तिचे सांत्वन करत नाही, ही गोष्ट वेगळी.

शिवाय या भव्यतेच्या चर्चेत घराकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले. इंदूरमध्ये रामबागेतल्या आमच्या घरी आम्ही हा चित्रपट पाहिला तेव्हा माझ्या आत्या, ज्यांचे आयुष्य मराठी नाटके पाहण्यात गेले आणि ज्यांना संवादांवाचून करमत नाही, शेवटपर्यंत बसून राहिल्या. वडील मुलाला जाळीचे दार आवाज न करता पुन्हा पुन्हा लावायला लावतात, त्या प्रसंगी त्या म्हणाल्या, “अरे, दाराचं काही नाही, त्याला पोराची मान खाली हवी आहे.” याच धाकातला मोठा मुलगा धाकट्या भावाला छऱ्याच्या बंदुकीच्या नळीवर बोट ठेवायला सांगतो, चाप ओढतो, आणि नंतर फळी त्याच्या हातात देऊन ‘मार मला’ म्हणतो, धाकटा मारत नाही. आईच्या निवेदनातले निसर्गाचा मार्ग (स्वतःचेच खरे करण्याचा) आणि कृपेचा मार्ग (इजा, अपमान सोसण्याचा) हे सारे तत्त्वज्ञान त्या दोन मुलांच्या वागण्यात उतरलेले आहे.

मात्र शेवटच्या समुद्रकिनाऱ्याबाबत विरोधकांचे म्हणणे मला मान्य करावे लागते. तेथे जिवंत आणि मृत सारे भेटतात, आणि इतका वेळ उत्तर न देता टिकून राहिलेला चित्रपट अचानक दिलासा देऊ लागतो. मोठ्या मुलाची प्रौढपणीची भूमिका करणाऱ्या शॉन पेन यांनीही पटकथेतली भावना आपल्याला पडद्यावर सापडली नाही, असे एका फ्रेंच वृत्तपत्राला सांगितले होते. त्यांच्या वाट्याला काचेच्या इमारतींतून हिंडण्यापलीकडे फारसे काही आलेले नसल्याने त्यांची तक्रार रास्तच होती. अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी मात्र २०१२ मध्ये जगातल्या सर्वश्रेष्ठ दहा चित्रपटांच्या आपल्या यादीत याला स्थान दिले. त्या किनाऱ्यासकट मीही ते दिले असते, कारण वेकोच्या त्या घराइतके खरे बालपण मी पडद्यावर क्वचितच पाहिले आहे.