सिंटॅक्स ट्रीवरून पुन्हा कोड लिहिताना: कंस कुठे घालायचे?

पायथॉनचा कोड आपोआप बदलणाऱ्या टूलसाठी मी सिंटॅक्स ट्रीवरून (कोडची रचना दाखवणाऱ्या झाडासारख्या मांडणीवरून) पुन्हा सोर्स कोड छापणारा भाग लिहिला. पायथॉन 3.9 पासून एएसटी (ast) मॉड्यूलमध्ये हेच करणारं अनपार्स (unparse) फंक्शन आहे, पण मांडणी आपल्या हातात हवी असेल तर हे काम स्वतःच करावं लागतं.

मुळात ट्रीमध्ये कंस नसतातच. अ - (ब - क) मधला कंस पार्सर (कोड वाचून ट्री बनवणारा भाग) फक्त कोणता नोड (ट्रीमधला एक घटक) कोणाखाली जातो हे ठरवायला वापरतो आणि सोडून देतो. छापताना तो घालायचा राहून गेला, तर 10, 5 आणि 2 घेऊन 7 ऐवजी 3 येतात.

सरसकट कंस घातले तर उत्तर बरोबर येतं, पण तो कोड कोणी वाचू शकत नाही. म्हणून प्रत्येक नोडला वरून एक किमान प्रेसिडन्स (कोणती क्रिया आधी करायची ती पातळी) पाठवली. नोडची स्वतःची त्याहून कमी असेल तरच कंस. वजाबाकीत डाव्या बाजूला वजाबाकीचीच पातळी, उजवीला एक पायरी वरची. घाताला बरोबर उलट: 2 ** 3 ** 2 म्हणजे 512, (2 ** 3) ** 2 म्हणजे 64.

खरा त्रास ऋण संख्यांनी दिला. 2 ** -1 कंसाशिवाय चालतं, पण -2 ** 2 चं उत्तर -4 येतं. (-2) ** 2 मधल्या -2 साठी पार्सर युनरी नोड (एकाच संख्येला लागणाऱ्या उणे चिन्हाचा) बनवतो, त्यामुळे तिथे प्रेसिडन्सचा नियम लागतो आणि कंस पडतो. पण कॉन्स्टंट फोल्डिंगने (स्थिर आकड्यांची गणितं आधीच करून टाकणाऱ्या पायरीने) थेट -2 किमतीचा कॉन्स्टंट नोड ठेवला, की छापणाऱ्याला तो साधा आकडा वाटतो आणि कंस गळतो. कसलीही एरर नाही, फक्त 4 च्या जागी -4. असा ट्री पार्सरमधून कधीच येत नाही, त्यामुळे हजारो खऱ्या फाइल्स तपासल्या तरी हा बग दिसणार नाही. यावर उपाय म्हणजे छापण्याआधीच ऋण कॉन्स्टंटचा युनरी नोड करून घेणं.

काही ठिकाणी प्रेसिडन्सचा संबंधच नसतो, टोकन (कोडमधले सुटे शब्द, आकडे आणि चिन्हं) एकमेकांना चिकटतात. 1.रिअल लिहिलं तर पायथॉन 1. ला फ्लोट (दशांश संख्या) समजतो. 1 नंतर जागा सोडली की चालतं. जावास्क्रिप्टमध्ये अ - -ब मधली जागा गेली की -- (एकाने कमी करण्याचं चिन्ह) होतं.

तपासणीसाठी छापलेला कोड परत पार्स करायचा आणि दोन्ही ट्रींचे डंप (ट्रीची मजकुरातली प्रत) जुळवायचे, ओळ-स्तंभ वगळून. त्यासाठी ट्री फाइलमधून न घेता नोड जोडून थेट बनवावेत: ऑपरेटरची प्रत्येक जोडी, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.