लाल दिवा आणि हवालदारांचा हात: माझा ई-चलानचा अनुभव

सिग्नल तोडल्याचं ई-चलान आलं, पाचशे रुपयांचं, आणि मी ते भरलं नाही, रद्द करून घेतलं. त्यात सव्वादोन महिने गेले, तीन वेळा अर्धा दिवस रजा टाकली, नवरा म्हणाला अगं एवढ्या रजेत आणि पेट्रोलमध्ये ते चलान दोनदा भरून झालं असतं. खरंय त्याचं. पण मी का अडून बसले हे सांगायचं तर आईपासून सुरुवात करावी लागेल.

सहा वर्षांपूर्वी ठाण्यात नौपाड्यात आई भाजी घेऊन रस्ता ओलांडत होती. गाड्यांना लाल होता, ती झेब्रावरूनच चालली होती, आणि एक बाईकवाला आत्ताच तर पडलाय लाल, निघून जाऊ म्हणून सुसाट आला. आईचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आता घरात वॉकर घेऊन चालते, पण तेव्हापासून एकटी खाली उतरलेली नाही. त्या चौकात तेव्हा कॅमेरा नव्हता, नंबर कोणी बघितला नाही, तो कोण होता ते आजपर्यंत कळलं नाही. त्यामुळे मागून कितीही हॉर्न मारले, कोणी काहीही बोललं तरी मी पांढऱ्या लाईनच्या मागे थांबते म्हणजे थांबते. चौकाचौकात कॅमेरे बसायला लागले तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं. आणि त्याच कॅमेऱ्याने मला सांगितलं की बाई तू सिग्नल तोडलास. मेसेज वाचला आणि रडूच आलं मला.

आधी वाटलं फ्रॉड असेल. आमच्याच मजल्यावरच्या काकांना व्हॉट्सॲपवर चलान म्हणून एक एपीके फाईल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी) आली होती, त्यांनी उघडली आणि खात्यातून पैसे गेले, म्हणून मी मेसेजमधल्या लिंकला हातच लावला नाही. (हे सगळ्यांनीच करा, लिंक खरी असली तरी. स्वतः महाट्रॅफिक ॲप उघडायचं किंवा सरकारी साईटचा पत्ता हाताने टाकायचा.) तिथे गाडीचा नंबर आणि चेसिस नंबरचे किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे लागतात, ते आरसी बुकावर असतात. टाकले, आणि चलान खरंच निघालं. माझीच ॲक्टिव्हा, घोडबंदर रोडवरचा चौक (नाव देत नाही, उगाच कोणाला तरी त्रास होईल), सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं, मोटार वाहन कायद्याचं कलम ११९ आणि दंडाचं कलम १७७.

सोबत दोन फोटो होते. पहिल्यात मी लाईनच्या अलीकडे, निळा रेनकोट, पायाशी डब्याची पिशवी, वर लाल दिवा. दुसऱ्यात मी झेब्राच्या पुढे, दिवा अजून लालच. बघणाऱ्याला वाटणारच की तोडलाय. मला तर तो दिवसच आठवेना, ऑफिसला वागळे इस्टेटला रोज त्याच रस्त्याने जाते, कुठला दिवस म्हणून आठवायचा? रात्री मुलगा झोपल्यावर परत फोटो उघडला आणि बोटांनी मोठा करत करत कडेपर्यंत गेले. डाव्या कडेला, अगदी फ्रेम संपते तिथे, एक हात होता. कोपरापासून पुढचाच. रेनकोटची बाही, त्यावर चमकणारी पट्टी, पांढरा हातमोजा, आणि बोटं आतल्या बाजूला वळलेली, आपण कोणाला तरी या या म्हणून बोलावतो तशी.

मग एकदम सगळं आठवलं. त्या दिवशी धो धो पाऊस होता, मेट्रोच्या खांबाशेजारी एक टेम्पो बंद पडला होता, समोरच्या बाजूची रांग हलेना आणि आमच्या बाजूला पार मागपर्यंत गाड्या. हवालदार चौकाच्या मधोमध उभे होते, समोरच्यांना एका हाताने थांबवलेलं आणि दुसऱ्या हाताने आम्हाला "चला चला चला, ताई काढा पुढे". मी दिव्याकडे बोट दाखवून विचारलं सुद्धा होतं, लाल आहे हो! तर ते म्हणाले मी सांगतोय ना, निघा. आम्ही वीसेक गाड्या तरी निघालो असू.

दुसऱ्या दिवशी सोसायटीत सांगितलं तर जो तो म्हणाला भरू नकोस, राहू दे, लोकअदालतीची नोटीस येईल तेव्हा कमी पैशात मिटव. पण मिटवायचं म्हणजे मी केलं असं मानूनच मिटवायचं ना? आईच्या खुब्यानंतर मला ते जमणार नव्हतं.

म्हणून कायदाच वाचायला बसले. मी वकील नाही, हिशेबाचं काम करते, पण मोटार वाहन कायद्याचं कलम ११९ छोटं आहे, कोणालाही समजेल असं. चालकाने चालू असलेल्या इलेक्ट्रिक सिग्नलचं ऐकायचं, किंवा त्या वेळी वाहतूक नियंत्रित करत असलेल्या पोलिस अधिकाऱ्याचं ऐकायचं, दोन्ही त्याच वाक्यात आहे. म्हणजे ज्या कलमाखाली मला दंड लावला त्याच कलमाने मला हवालदारांचं ऐकायला सांगितलं होतं. तेव्हा न थांबता पुढे गेले म्हणून चलान आलं, आणि थांबले असते तर पोलिसांचा इशारा मोडला असता, मग मी करायचं काय होतं?

कॅमेऱ्यांचे पण नियम आहेत, हे मला आधी माहीतच नव्हतं. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३६अ आलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याखाली नियम १६७अ. त्यात आहे की अशा कॅमेऱ्याला राज्य सरकारने ठरवलेल्या अधिकाऱ्याचं मान्यता प्रमाणपत्र लागतं आणि ते दरवर्षी नवीन करायचं, कॅमेरा आहे अशी पाटी आधीच दिसेल अशी लावायची, चलानवर गुन्हा आणि नंबरप्लेट दोन्ही दाखवणारा फोटो, जागा, तारीख, वेळ, कलम हे सगळं पाहिजे, आणि नोटीस, माझ्या वेळच्या नियमाप्रमाणे, पंधरा दिवसांच्या आत पाठवायची. माझं अकराव्या दिवशी आलं होतं, म्हणजे त्यात काही चूक नव्हती. अजून एक सांगते, हा मेसेज गाडीच्या रेकॉर्डला जो मोबाईल नंबर आहे त्यावर येतो आणि पुष्कळ जणांचा तिथे शोरूमवाल्याने टाकलेला किंवा बंद झालेला नंबर असतो. तो बदलून घ्या, नाहीतर चलानं साठत राहतील आणि तुम्हाला पत्ताच नाही.

ऑनलाईन तक्रार टाकली. कोपऱ्यातला हात कापून मोठा केलेला फोटो जोडला, मराठीत सहा ओळी लिहिल्या. नऊ दिवसांनी उत्तर, तक्रार नामंजूर, उल्लंघन स्पष्ट दिसते. कोणी नामंजूर केली, काय बघून केली, काही नाही. माझी खात्री आहे की ज्याने कोणी बघितलं त्याने दिवा बघितला आणि गाडी बघितली, कडेपर्यंत कोणी गेलंच नसेल.

मग चौकी. पहिल्या दिवशी साहेब बाहेर बंदोबस्ताला. दुसऱ्या वेळी गेले तर एका काकांनी सरळ सांगितलं, मॅडम पाचशे रुपयांसाठी एवढं कशाला, भरून टाका, आमच्या हातात काही नाही, कॅमेऱ्याचं चलान वरून पडतं. मी म्हटलं वरून म्हणजे कुठून ते सांगा, मी तिथे जाते. माझा आवाज चढला होता ते मान्य करते. तेवढ्यात टेबलावरच्या एका मॅडमनी माझा मोबाईल मागितला, फोटो स्वतः मोठा केला, आणि दोन-तीन सेकंद बघून म्हणाल्या, "हा आपलाच माणूस आहे हो."

त्यानंतर सगळं बदललं. त्यांनीच सांगितलं की नुसतं माझं ऐका म्हणू नका, लेखी अर्ज द्या, त्यात त्या दिवशी त्या वेळी त्या चौकात ड्युटीवर कोण होतं त्याची नोंद बघावी असं लिहा आणि व्हिडिओ बघायची मागणी करा. तिथेच बाकावर बसून लिहिला, दोन प्रती, एका प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का मारून घेतला. हे फार महत्त्वाचं आहे. शिक्क्याची प्रत हातात असली की पुढच्या खेपेला कोणी असा अर्ज आलाच नाही म्हणू शकत नाही.

तिसऱ्या खेपेला व्हिडिओ बघायला मिळाला. चलानला जोडलेली क्लिप काही सेकंदांचीच होती, लाईन ओलांडायच्या जरा आधी सुरू आणि जरा नंतर बंद, आणि कॅमेरा लाईनकडेच रोखलेला, म्हणून चौकाच्या मधला माणूस त्यात येतच नाही, आला तर असाच हात येतो. पण त्याच चौकात लांबून सगळं दाखवणारा दुसरा कॅमेरा होता. साहेबांनी त्याचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. पावसाने सगळं धूसर, तरी हवालदार स्पष्ट दिसत होते, पाठीवरची पट्टी चमकत होती, समोरच्या बससमोर हात आडवा आणि आमच्याकडे तोंड. मी दिव्याकडे बोट केलं ते पण दिसलं. साहेब म्हणाले मागे घे, परत दाखव. परत बघितलं. मग एवढंच म्हणाले, बरोबर आहे तुमचं. आठवड्याभरात चलान रद्द झालं, ॲपवरूनही निघून गेलं.

पण त्या रेकॉर्डिंगमध्ये मी एकटी नव्हते ना. माझ्या पुढे-मागे ज्या गाड्या निघाल्या त्या सगळ्यांना तोच दिवा लाल होता आणि त्याच हवालदारांनी बोलावलं होतं. मी विचारलं, साहेब यांना पण चलानं गेली असतील, त्यांचं काय? ते म्हणाले ज्याची तक्रार येईल त्याचं बघू. मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. ज्याच्याकडे रजा नाही, ज्याला कलम वाचता येत नाही त्याने पाचशे भरायचे? आमच्या गेटवर रिक्षा लावणाऱ्या दादांना सहज विचारलं तर ते त्या दिवशी तिथेच होते, त्यांनी भरून पण टाकले होते. म्हणाले, "ताई, आपला धंदाच रस्त्यावरचा, पोलिसांशी कुठे वाद घालणार." त्यांचा अर्ज मीच लिहून दिला आहे, पैसे परत मिळतील का ते अजून कळलेलं नाही.

हे होतं कशामुळे ते पण मला त्याच चौकात कळलं. एका संध्याकाळी तेच हवालदार दिसले, पाऊस नव्हता, गर्दी कमी होती, म्हणून गाडी बाजूला लावून बोलले. त्यांना धक्काच बसला, त्यांना माहीतच नव्हतं की त्यांनी सोडलेल्या गाड्यांना चलानं गेली. त्यांनी कोपऱ्यातली सिग्नलची पेटी दाखवली. हाताने ट्रॅफिक सोडायचं असेल तर ती पेटी उघडून सिग्नल मॅन्युअलवर किंवा नुसता पिवळा लुकलुकता ठेवायचा, म्हणजे लाल पडत नाही आणि कॅमेरा पण कोणाला पकडत नाही. पण त्या दिवशी चावी दुसऱ्याकडे, पाऊस असा, टेम्पो आडवा, मागे ॲम्ब्युलन्स अडकलेली असं त्यांनी सांगितलं, तेव्हा पेटी उघडत बसू की गाड्या काढू? ते बिचारे आपलं काम करत होते आणि कॅमेरा त्याचं करत होता, पण एकाने काय केलं ते दुसऱ्याला कळायची काही सोयच नव्हती.

म्हणून मी अजून एक अर्ज दिला आहे. त्यात दोनच मागण्या आहेत. चौकात पोलिस हाताने वाहतूक सोडत असतील तेवढ्या वेळेची नोंद कंट्रोल रूमला वायरलेसवर जावी आणि त्या मिनिटांची सिग्नलची चलानं माणसाने लांबच्या कॅमेऱ्यात बघितल्याशिवाय निघू नयेत. आणि आमच्या त्या दिवसाच्या त्या पाच मिनिटांतली सगळी चलानं, तक्रार आलेली असो नसो, परत तपासावीत. ह्यालाही आवक नंबर घेतला आहे, पुढच्या सोमवारी विचारायला जाणार आहे, रिक्षावाले दादा पण येतो म्हणालेत.