उणे पाच व्होल्ट

टेबलावर दुरुस्तीला आलेलं मशीन होतं झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के हा जुना घरगुती संगणक, इश्यू ३बी या आवृत्तीच्या बोर्डाचा. चालू केलं की पडद्यावर रंगीत चौकोनांचा गोंधळ उमटायचा आणि तसाच गोठायचा. चांगल्या स्थितीतल्या स्पेक्ट्रममध्ये काळ्या पडद्यावर क्षणभर बारीक लाल उभ्या रेघा दिसतात, मग पडदा पांढरा होतो आणि तळाशी १९८२ची कॉपीराइट ओळ येते. रॅम तपासताना रॉम, म्हणजे मशीनमधला कायमचा प्रोग्रॅम, प्रत्येक बाइटमध्ये २ लिहितो आणि लाल रंगाचा क्रमांक २ आहे, म्हणून त्या रेघा. त्या दिसल्या तर झेड८० हा प्रोसेसर, रॉम आणि पडदा सांभाळणारी युएलए चिप बहुधा ठीक समजावेत. इथे रेघाच नव्हत्या.

झाकण उघडल्यावर खरा धक्का बसला. ४८केपैकी खालच्या १६के रॅमच्या आठही ४११६ मेमरी चिप सॉकेटवर होत्या. मालकाकडून कळलं की त्या आधी दोनदा बदलून झाल्या होत्या आणि दोन्ही वेळा मशीन काही मिनिटं चालून पुन्हा बंद पडलं होतं.

अशा वेळी चिपकडे बघायचंच नाही. आधी मल्टिमीटर. ४११६ला तीन व्होल्टेज लागतात: पिन १ला उणे ५, पिन ८ला १२, पिन ९ला ५, पिन १६ ग्राउंड. प्रोबला टोकाचे दोन मिलिमीटर सोडून नळी चढवावी, कारण पिन ८वरून घसरून शेजारच्या पिन ७ला १२ व्होल्ट लागले तर ॲड्रेसची लाइन आणि तिच्यावरच्या सगळ्या चिप धोक्यात येतात. रीडिंग आलं: ५च्या जागी ५.०२, १२च्या जागी ९.४ आणि उणे ५च्या जागी शून्य.

उणे ५ नसलं की ४११६च्या आत प्रवाह अनावर होतो, चिप तापते आणि मरते. नव्या चिप त्यामुळेच गेल्या होत्या.

सगळ्या चिप काढून ठेवल्या. १२ आणि उणे ५ तयार करणाऱ्या भागात टीआर४ हा झेडटीएक्स६५० ट्रान्झिस्टर आणि एक छोटी कॉइल असते. मीटरच्या डायोड रेंजवर टीआर४च्या बेस आणि एमिटर या पायांमध्ये कुठल्याच दिशेने प्रवाह वाहत नव्हता, म्हणजे तो ओपन, आतून तुटलेला. हे नशीबच, कारण शॉर्ट झाला असता तर कॉइलही जळण्याची शक्यता होती. अडॅप्टरचे नऊ व्होल्ट कॉइल आणि डायोडमधून तसेच पुढे जात होते, म्हणून १२च्या जागी ९.४. टीआर४ बदलला, सोबत टीआर५, म्हणजे झेडटीएक्स२१३ही बदलला. एकट्या टीआर४वर मी विश्वास ठेवत नाही. मूळ कारण मालकाच्या बोलण्यातून निघालं: मशीन चालू असताना जॉयस्टिकचा इंटरफेस मागे खोचला होता. मागच्या एज कनेक्टरवर ९, १२, ५ आणि उणे ५ सगळे असतात. जरा तिरका बसला की शॉर्ट.

रिकाम्या सॉकेटांवर पुन्हा मोजलं: ११.९ आणि उणे ५.०. मग चिप बसवल्या. रॅमशिवाय चालणाऱ्या निदान रॉमने बिट ०, ३ आणि ६ चुकीचे दाखवले. आयसी६ ते आयसी१३ हे अनुक्रमे बिट ० ते ७, म्हणून आयसी६, आयसी९ आणि आयसी१२ बदलले. बाकी पाच वाचल्या.

लाल रेघा आल्या, मग कॉपीराइट. पण वरची ३२के रॅम बिघडलेली असली तरी ती ओळ येते, म्हणून एवढ्यावर थांबू नये. २३७३२ आणि २३७३३ या मेमरीतल्या पत्त्यांवरचे आकडे बेसिकच्या पीक या आज्ञेने वाचून, दुसऱ्याला २५६ने गुणून बेरीज करायची; मशीनला सापडलेल्या रॅमचा शेवटचा पत्ता मिळतो. ३२७६७ आलं तर फक्त १६के सापडली. इथे आलं ६५५३५, म्हणजे पूर्ण ४८के.