जिन्याखालची पाच पिल्लं

रामबागेतल्या आमच्या घराच्या जिन्याखाली भुरी कुत्री व्याली, त्या सकाळीच मी कालनिर्णयवर पेन्सिलीनं खूण केली. पाच पिल्लं. लहान मुलांची फिजिओथेरपी हा माझा रोजचा व्यवसाय. बाळानं मान कधी धरली, बसलं कधी, उभं कधी राहिलं, हे टिपून ठेवायची हाताला सवयच आहे.

पहिल्या आठवड्यात पिल्लू नुसतं पोटावर सरपटतं आणि डोकं डावी-उजवीकडे हलवत आईची ऊब शोधतं. डोळे मिटलेले, कान बंद. तरी उताणं झालं की धडपडून पालथं होतंच! ऐकू यायच्या कितीतरी आधी आतल्या कानातला तोल काम करत असतो. हे बघताना मला दर वेळी भरून येतं.

जोर आधी पुढच्या पायांत येतो, मागच्यांत नंतर. माणसाच्या बाळाचंही तसंच, आधी मान, मग धड, शेवटी पाय. १४व्या दिवशी पाचांतल्या काळ्या नावाच्या पिल्लानं पुढचे पाय रोवले, पण मागचे कोटाच्या गुळगुळीत फरशीवर बेडकासारखे फाकत होते. मी लगेच गोणपाट अंथरलं. पंज्याला पकडच मिळाली नाही, तर पाय अंगाखाली यायचे कसे? चार दिवसांत तो डुलत का होईना, उभा राहिला.

लांडग्याचं पिल्लू मात्र याच वयात बाहेर पडतं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात कॅथरीन लॉर्ड यांनी दोन्ही जातींच्या पिल्लांची तुलना केली. ते काम २०१३ साली प्रसिद्ध झालं. वास साधारण दुसऱ्या आठवड्यात, ऐकणं चौथ्या, नीट दिसणं सहाव्या आठवड्यात, हे दोघांचं सारखंच. फरक पायांचा. लांडग्याचं पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की दिसत-ऐकू येत नसतानाच, फक्त नाकाच्या भरवशावर हिंडू लागतं. पुढे आवाज ऐकू येऊ लागले, दिसू लागलं, की ते नव्यानं घाबरतं. कुत्र्याचं पिल्लू जग बघायला निघतं चार आठवड्यांनी. तोवर नाक आणि कान दोन्ही सोबतीला असतात, डोळेही उजळत असतात. माणसाचा वास, आवाज, चेहरा त्याला जवळजवळ एकत्रच भेटतो. कुत्रं आपल्या दारात का रुळतं, याचं मला पटलेलं सगळ्यात मोठं कारण हेच.

म्हणून शेजारच्या काकू महिन्याच्या पिल्लाला न्यायला आल्या, तेव्हा मी स्पष्टच म्हटलं, "काकू, अजून महिनाभर थांबा. भावंडांना ढकलत, पडत-उठत त्याचा तोल पक्का होऊ दे. भुरीकडून चावायचं किती, तेही शिकू दे." त्या जरा खट्टू झाल्या, पण थांबल्या.

२९व्या दिवशी काळ्या एकटाच गोणपाटावरून उतरला. ओट्याच्या कडेशी मागचा पाय घसरला, तोंडावर आपटला, उठला. गल्लीतून भाजीवाल्याची हाक आली. तो थबकला, कान टवकारले, आणि डुलत डुलत माझ्या चपलेपाशी येऊन बसला.