संत गिनफोर आणि बाळसं न धरणारी बाळं

13व्या शतकात फ्रान्समध्ये, लिओंच्या उत्तरेला दोंब भागात, एतिएन द बूर्बों हा डॉमिनिकन धर्मोपदेशक बायकांची पापकबुली ऐकत होता. बाळाला संत गिनफोरकडे नेलं होतं, असं अनेकींनी सांगितलं. असेल कुणी संत, असं त्याला वाटलं. चौकशी केली तर गिनफोर शिकारी कुत्रा निघाला.

विलारच्या जहागीरदाराच्या मुलखातल्या एका गढीत पाळण्याकडे साप आला, कुत्र्याने तो मारला आणि धन्याने त्याचं रक्ताळलेलं तोंड बघून तलवार उपसली. मुंगसाची गोष्ट ऐकलेल्यांना पुढचं सांगायला नको. पंचतंत्रातली तीच कथा मुंगसाचा कुत्रा होऊन तिथवर पोचली होती. कुत्र्याला गढीपुढच्या विहिरीत टाकून वर दगड रचले, झाडं लावली. गढी ओस पडल्यावर शेतकरी तिथे नवस बोलू लागले. निरपराध मारला गेला तो हुतात्मा, हे त्यांना चर्चनेच शिकवलं होतं.

हल्ली ही गोष्ट गोड म्हणून सांगतात. मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात नर्स आहे; मला त्यात आधी दिसतात ती अशक्त बाळं. आई गावातल्या जाणत्या म्हातारीला घेऊन तिथे जाई. मीठ वाहायचं, बाळाची दुपटी झुडपांवर टांगायची, झाडांत खिळे ठोकायचे. मग उघडं बाळ दोन खोडांमधून नऊ वेळा या हातातून त्या हातात फेकायचं. रानातल्या 'फॉन'ना, म्हणजे वनातल्या भुताखेतांना, विनवायचं, की हे आजारी पोर तुमचं, ते घ्या आणि आमचं धडधाकट परत द्या. नंतर बाळ झाडाखाली गवतावर ठेवून, इंचभर मेणबत्त्या पेटवून, त्या विझेपर्यंत आईने दूर थांबायचं. त्याचं रडूही ऐकायचं नाही. काही बाळं त्या मेणबत्त्यांनीच भाजून मेली. जगलेल्याला शालारोन नदीत नऊ डुबक्या. कमी वजनाचं बाळ उघडं ठेवलं तर किती झपाट्याने गार पडतं, हे आम्ही रोज बघतो. एका आईने मात्र बाळाकडे लांडगा येताना पाहिला आणि तिच्याने राहवलं नाही, ती धावली.

या बायकांना मी निर्दय म्हणणार नाही. बाळ बाळसं धरत नाही, हे दिसत असताना दुसरं काय होतं त्यांच्याकडे? संत चर्चचा, फॉन रानातले. पोर वाचवणाऱ्याचा धर्म त्यांनी विचारला नाही.

इंग्लंडातल्या मोहिमेसाठी 601 साली पोप ग्रेगरीने कळवलं होतं, की तिथल्या जुन्या धर्माची देवळं पाडू नका, मूर्ती नष्ट करा आणि तीर्थ शिंपडा. एतिएनने मात्र कुत्र्याची हाडं उकरली, झाडं तोडली, सगळं जाळलं. तिथे जाणाऱ्यांची मालमत्ता जप्त होईल, असं जमीनदारांकडून फर्मान काढवलं. बाळांचे हाल थांबावेत असं त्याला खरंच वाटलं असेल, आणि ते मला पटतं. पण आजारी बाळ घेऊन आईने आता कुठे जायचं, याचं उत्तर त्या फर्मानात नव्हतं. 19व्या शतकाच्या उत्तरार्धातही तिथल्या आया पोरांना घेऊन गिनफोरच्या रानात जात होत्या.